नक्की सर

माजी विद्यार्थ्याला फोन लावला की पलीकडून पहिलं वाक्य काय येणार, हे मला आता पाठ झालंय. ‘सर, इमारत निधीचे मी मागेच दिलेत.’ पैसे नकोत म्हटलं की जी शांतता पसरते ती त्याहून वाईट. म्हणजे सरांनी विम्याची एजन्सी घेतली वाटतं!

मला हवा असतो फक्त त्याचा अर्धा तास. आमच्या कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाच्या पोरांना आपण पुढे काय होऊ शकतो हे कुणीतरी स्वतः काहीतरी झालेल्या माणसाने सांगावं, एवढाच हेतू. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या पाचव्या निकषात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा वेगळा रकाना आहे. प्राचार्यांना तो दिसला त्या दिवशी मी किरकोळ रजेवर होतो. समन्वयक नेहमी रजेवरचाच माणूस होतो.

चाळीस पोरं, चाळीस मेंटॉर, म्हणजे वाट दाखवणारे माजी विद्यार्थी. फॉर्म पाठवला. ‘व्यवसाय’ या रकान्यात अकरा जणांनी लिहिलं, ‘मुंबई’. यात गैर काहीच नाही. आमच्या सिंधुदुर्गात पिढ्यानपिढ्या तो व्यवसायच आहे. मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. सगळ्यांनी ‘नक्की सर’ लिहून हात जोडले आणि ग्रुप गाढ झोपला. जागा झाला तो थेट एप्रिलमध्ये. ‘सर, देवगडची पेटी काय भावाने?’ तीन मेंटॉर मी पेटीच्या बोलीवर मिळवले, हे अहवालात लिहिलेलं नाही.

बाकीच्यांच्या घरी गेलो. एक आई म्हणाली, ‘झिलाचो फोन माका येणा नाय, तुमका खयसून येतलो?’ हे मात्र खरं होतं.

शेवटी अक्कल आली. कोकणातला माणूस फॉर्मने सापडत नाही, गणपतीला सापडतो. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आलं, तसं माझं नियोजनही ६० दिवसांवर आलं. ज्याचं कोकणकन्येचं तिकीट कन्फर्म, तो मेंटॉर. वेटिंगवाले राखीव.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी एका विद्यार्थ्याला घेऊन एकाच्या घरी पोचलो. हा न्हावा शेवा बंदरात आयात मालाच्या क्लिअरिंगमध्ये, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवण्याच्या कामात. साहेब बर्मुडा घालून स्टुलावर चढलेले, गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळापानांची माटवी बांधत होते. पोराने वहीतून मीच लिहून दिलेला प्रश्न वाचला, ‘आपल्या क्षेत्रातील प्रमुख आव्हाने कोणती?’

‘आव्हानं... ती सुतळी धर जरा.’

दुसऱ्या प्रश्नाला नारळ मागितला, तिसऱ्याला सुरी. चौथ्याला पोराने वही मिटली आणि विचारलं, ‘दादा, पयल्या म्हयन्यात तुमी जेवलास खय?’

स्टुलावरचा हात थांबला. मग सुरू झालं ते थांबेना. लालबागला गाववाल्यांची खोली, चौदा माणसं, प्रत्येकाला एक ट्रंक आणि एक खुंटी. रात्रपाळीवाला उठून गेला की त्याच्या गरम अंथरुणावर झोपायचं. खानावळीचे पैसे दोन महिने एका गाववाल्याने भरले आणि त्यानेच क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात कागद पोचवायच्या कामाला लावलं. (मेंटॉर हा शब्द तेव्हा लालबागपर्यंत पोचला नव्हता.) तिथेच बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचा कस्टम्सचा कागद, भरायला शिकला.

‘सगळा खेळ कस्टम्सच्या यादीतल्या कोडाचा,’ असं म्हणून त्याने माटवीला टांगायचं एक कवंडाळ, कुणी न खाणारं रानफळ, पोराच्या नाकासमोर धरलं. ‘ह्या समज बाहेरच्या देशातून आलं. फळ म्हणून दाखवायचं की सजावटीचं सामान? कोड बदलला की ड्युटी बदलली. कोड चुकला की माल अडकला. माल बंदरात पडून राहिला की रोजचं भाडं चढतं आणि पार्टी तुझ्या नावाने शंख करते. वाचायला कंटाळा येत असेल तर येऊ नको.’

‘मग फळच ना?’ पोरगा म्हणाला.

‘खातोस काय तू कवंडाळ?’

यावर दोघं वीस मिनिटं भांडले. मला चहा विचारायचंही कुणाला सुचलं नाही.

पुराव्याला ठिकाणाचा शिक्का असलेला फोटो लागतो. काढला, पण रेंज नसल्याने पत्ता उमटला नाही. प्राचार्यांनी फोटो आडवा-उभा करून पाहिला.

‘यात मेंटॉर कुठे आहे?’

मी स्टुलावरच्या दोन पायांवर बोट ठेवलं.

‘आणि हे वर लटकतंय ते?’

‘अध्ययन साहित्य, सर.’