साकुरा हुकला, बरं झालं

"जपानला गेलात आणि साकुरा नाही बघितलात?" गेल्या वर्षभरात हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आता मी नुसती "नाही" म्हणते आणि चहा ढवळत बसते. साकुरा म्हणजे तिथल्या चेरीच्या झाडांचा बहर. परवा सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा हाच विषय निघाला. दोघी-तिघींनी लगेच इनबॉक्समध्ये "तुझी एक्सेल पाठव ना" केलं. पाठवते. पण आधी हे वाचा, कारण एक्सेलमध्ये तारखा आहेत, भांडणं नाहीत. आणि आमची क्योटोची ट्रिप ठरली ती भांडूनच.

आम्ही चौघं. मी, नवरा, आठवीतला मुलगा आणि सासूबाई, वय ७१. मे २०२५ मध्ये गेलो. नवऱ्याला साकुराच बघायचा होता, कारण त्याच्या ऑफिसातले सगळे साकुरा बघून आले होते. मी म्हटलं, तारीख सांग. तिथेच गाडी अडली.

क्योटोत साकुरा कधी फुलला याच्या नोंदी जवळपास १२०० वर्षांच्या आहेत. राजेरजवाड्यांच्या, दरबाऱ्यांच्या, भिक्षूंच्या रोजनिशांतून शोधून काढलेल्या. म्हणजे ज्या गावाने बाराशे वर्षं या फुलांवर डोळा ठेवलाय, त्या गावालाही नक्की दिवस सांगता येत नाही. साधारण एप्रिलचा पहिला आठवडा धरतात, आणि २०२१ साली २६ मार्चलाच पूर्ण बहर आला. तोपर्यंतच्या एवढ्या शतकांतला सगळ्यात लवकरचा. पूर्ण बहरानंतर आठवडाभरात पाकळ्या गळतात, मध्ये एक जोरदार पाऊस झाला तर त्याआधीच. आमच्या ओळखीतले एक काका-काकू डिसेंबरातच ठरवून ठेवलेल्या टूरने मार्चअखेरीस गेले आणि कळ्यांचे फोटो घेऊन आले. काकू अजून म्हणतात, "कळ्याही छान होत्या हो." मी काही बोलत नाही.

बरं, एप्रिलमध्ये मुलाची वार्षिक परीक्षा. शाळेला काय सांगणार, झाड फुललंय म्हणून?

आता व्हिसा. खरी मेख इथे आहे आणि याबद्दल कुणी नीट बोलत नाही. आपल्याला जपानसाठी आधी व्हिसा काढावाच लागतो. एप्रिल २०२४ पासून भारतीय पर्यटकांना तो ई-व्हिसा म्हणून मिळतो, पण अर्ज व्हीएफएसच्या, म्हणजे व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या, केंद्रातूनच जातो. सिंगल एन्ट्री व्हिसा मिळाल्यापासून तीन महिन्यांत जपानात पाय ठेवावा लागतो. म्हणजे मार्चअखेरीच्या साकुरासाठी ऑक्टोबरात उत्साहाने व्हिसा काढून ठेवला, तर तो जानेवारीत बाद. उलट हॉटेलं ऑक्टोबरातच भरायला लागतात. या कात्रीत माणूस न परत मिळणारी बुकिंगं करतो आणि मग व्हिसा येईपर्यंत देव पाण्यात घालून बसतो. माझं सरळ म्हणणं: फुकट रद्द करता येतं तेच हॉटेल घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. विमानाचं आरक्षण अर्जाला लागतं, पण तारीख बदलता येणारं घ्या. आम्ही जायच्या दोन महिने आधी अर्ज टाकला.

अर्जात बँक स्टेटमेंट, आयकराची कागदपत्रं वगैरे नेहमीचं लागतंच. पण मला आवडला तो दिवसवार कार्यक्रमाचा तक्ता. अमुक तारखेला कुठे, मुक्काम कुठे, फोन नंबर काय. नवरा वैतागला, मी मात्र खूश. कारण हा तक्ता भरताना पहिल्यांदाच आमच्या लक्षात आलं की आम्ही एकाच ट्रिपमध्ये तीन शहरं आणि एक डोंगर कोंबले होते. तक्ता भरता भरता टोकियो गळलं, हाकोनेचा डोंगर गळला. राहिलं क्योटो, शेवटी एक रात्र ओसाका. ओसाकात तेव्हा एक्स्पो, म्हणजे जागतिक प्रदर्शन, चालू होतं, हॉटेलांचे दर डोळे पांढरे करणारे, म्हणून एकच रात्र.

ई-व्हिसाची एक गंमत सांगते, गंमत आता वाटते. मी बाई कागदाची. चौघांच्या व्हिसाच्या प्रिंट काढल्या, प्लास्टिकच्या फोल्डरात घातल्या, वर नावाच्या चिठ्ठ्या. मुंबई विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने फोल्डर नम्रपणे बाजूला सरकवलं. प्रिंट चालत नाही, स्क्रीनशॉट चालत नाही, पीडीएफ चालत नाही. फोनवर इंटरनेट चालू करून, साइटवर जाऊन व्हिसाचं पान तिथल्या तिथे उघडून दाखवायचं. हे सगळं सूचनांमध्ये लिहिलेलं होतं. वाचलं नव्हतं मी. चौघांची पानं उघडेपर्यंत मागच्या रांगेने माझा उद्धार केला असणार. तेव्हा फोन चार्ज ठेवा, नेट चालू ठेवा आणि ज्येष्ठ मंडळींचं पान तुमच्या फोनवर उघडता येतं का ते घरीच बघा. 'व्हिजिट जपान वेब' नावाच्या त्यांच्या साइटवर माहिती आधीच भरून क्यूआर कोडही काढून ठेवा. उतरल्यावर बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, सासूबाईंना ते आधारकार्डासारखं वाटलं, त्यामुळे घाबरल्या नाहीत.

मे महिन्यात जाणाऱ्या मराठी माणसाला अजून एक प्रवेशबंदी लागते: आंबा. "तिकडे ओळखीच्यांना डझनभर हापूस नेऊ" असा सासूबाईंचा बेत होता. नाही. रोपांच्या आरोग्याचं सरकारी प्रमाणपत्र नसेल तर ताजं फळ जपानात नेता येत नाही. कढीपत्ताही त्यातच आला. मटणाचं लोणचं, सुकं मटण अजिबात नाही. चकली आणि बेसनाचे लाडू नेले, कुणी हरकत घेतली नाही. औषधांचंही बघा. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या एक महिन्याच्या चालतात, त्याहून जास्त असतील तर आधी परवानगी. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन दहा टक्क्यांहून जास्त असतं त्यांना साफ बंदी. घरातून निघताना औषधांच्या डब्यातली प्रत्येक पट्टी उलटून वाचा. आपल्याकडे "असू दे, लागेल" म्हणून काय काय भरलेलं असतं.

तर ऋतू. साकुरा बाद झाल्यावर दिवाळीची सुट्टी पुढे आली. लाल पानांचा मोसम, फोटो बघून जीव जातो. पण क्योटो शहरात मेपल लाल होतो तो नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत. आणि आपली दिवाळी तर त्या वर्षी ऑक्टोबरात. म्हणजे शाळेच्या सुट्टीत गेलो असतो तर पुन्हा हिरवीच पानं, वर भाडी मोसमाची.

उन्हाळा नकोच. क्योटो तिन्ही बाजूंनी डोंगरांनी घेरलेल्या खोलगट जागी वसलंय, वारा अडतो. २०१८ च्या जुलैत पारा ३९.८ वर गेला होता, आणि हवा मुंबईसारखी दमट. १७ जुलैची गिओन मात्सुरीची मिरवणूक मला फार बघायचीय. साथीचा रोग हटावा म्हणून ८६९ साली सुरू झालेला उत्सव, अजून चालू. पण ७१ वर्षांच्या बाईंना घेऊन नाही. थंडीत त्याच खोलगट जागेमुळे गारठा जमिनीतून वर येतो म्हणतात, त्याचा अनुभव मला नाही.

उरला मे. आणि मे म्हणजे सगळा मे नव्हे, हे लक्षात ठेवा. २९ एप्रिल ते ५ मे हा त्यांचा गोल्डन वीक, आख्खा देश सुट्टीवर. त्या दिवसांत जाणं म्हणजे गणपतीत कोकणची एसटी पकडणं. आम्ही १७ तारखेला पोहोचलो. दुपारी पंचवीस अंश, पहाटे पंधरा. ठाण्यातून निघताना घामाने चिंब, आणि तिथे सासूबाईंनी पहिल्याच दिवशी शाल मागितली.

हिरवा मेपल कुणी विकत नाही, म्हणून तो निवांत बघायला मिळतो. तोफुकुजी देवळाच्या ज्या लाकडी पुलावर नोव्हेंबरात पाय ठेवायला जागा नसते, तिथे आम्ही अर्धा तास उभे होतो. खाली नुसता हिरवा, कोवळा, ऊन आरपार जाणारा. नवऱ्याने एकही फोटो काढला नाही, यावरून काय ते समजा. (नंतर म्हणाला, "साकुराला आलो असतो तर हे दिसलं नसतं." हे वाक्य मी तारखेसह लिहून ठेवलंय.) मेच्या शेवटाला तिथे पावणेपाचला उजाडतं. सासूबाईंना पाचला जाग येतेच. तेव्हा फुशिमी इनारीला, म्हणजे त्या हजारो शेंदरी कमानींच्या देवळात, आम्ही सकाळी सव्वासहाला. तिकीट नाही, दार नाही, चोवीस तास उघडं. नऊ वाजता परतताना समोरून जो लोंढा आला तो बघून मुलगा म्हणाला, "आजीमुळे वाचलो."

शहराच्या आतही प्रवेशाचे नियम आहेत आणि मला ते पटतात. गिओन या जुन्या वस्तीत गेइको-माइको, म्हणजे पारंपरिक नाचगाण्याच्या कलावंत बायका आणि त्यांच्या शिकाऊ मुली, राहतात, काम करतात. त्या भागातल्या खासगी गल्ल्यांत २०२४ पासून पर्यटकांना बंदी आहे, पाटीवर १० हजार येनचा दंड लिहिलाय. मोठा रस्ता मोकळा आहे, तिथून चाला. माइको दिसली की मोबाइल घेऊन मागे धावणारे लोक मी बघितले, त्यांत आपलेही होते. उद्या आपल्या चाळीत कुणी परदेशी घुसून पोरींचे फोटो काढायला लागला तर आपण काय करू? शेवाळाच्या बागेसाठी प्रसिद्ध असलेलं सैहोजी देऊळ तर आधी बुकिंग केल्याशिवाय आत घेतच नाही, आणि हे १९७७ पासून. शेवाळ पायाखाली मेलं असतं, दुसरं काय.

पैशांचं एकच सांगते, कारण इथे माझी एक्सेल जुनी झालीय. क्योटोत हॉटेलवर माणशी, दर रात्रीचा मुक्कामकर असतो. आम्ही गेलो तेव्हा तो किरकोळ वाटला होता. १ मार्च २०२६ पासून तो वाढलाय. माणशी ६ हजार ते २० हजार येनच्या आतल्या खोलीला ४०० येन, म्हणजे बहुतेकांना एवढाच. पण माणशी लाख येनच्या वर गेलात तर रात्रीला १० हजार येन. तिथे राहणाऱ्यांनी माझी पोस्ट वाचायची गरज नाही. जेआर पास, म्हणजे पर्यटकांचा रेल्वे पास, तोही डोळे मिटून घेऊ नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० वरून थेट ५० हजार येन झाला. एकाच शहरात राहणार असाल तर साधी तिकिटं काढा. पासपोर्ट कायम अंगावर ठेवा, हॉटेलच्या तिजोरीत नाही. पर्यटकाने तो जवळ बाळगायचा असा तिथला कायदाच आहे.

शाकाहारी मंडळींनो, मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, सुपातही माशाचा रस असतो. क्योटोत टोफू उत्तम मिळतो, देवळांमधलं साधूंचं शाकाहारी जेवणही मिळतं, पण दर वेळी विचारा. लाडू याचसाठी नेले होते.

पावसाचं शेवटचं. क्योटोकडचा पावसाळा, त्यांचा त्सुयु, सरासरीने ६ जूनच्या सुमारास सुरू होतो. आपला मृग लागतो ७-८ जूनला. मला हे कळलं तेव्हा मी अख्ख्या घराला सांगत फिरले. त्यांच्याही जुन्या पंचांगात वर्षाचे ७२ बारीक तुकडे आहेत, आणि जूनच्या मध्यावरच्या तुकड्याचं नाव आहे 'कुजलेल्या गवताचे काजवे होतात'. हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "मग काजवे दाखव." त्या मूळच्या अकोले तालुक्यातल्या, भंडारदऱ्याच्या अंगाच्या. काजवे बघायला लोक पुण्या-मुंबईहून गाड्या काढून त्यांच्या माहेरी जातात.

क्योटोत तत्त्वज्ञाचा रस्ता म्हणून एक पाटाकाठची वाट आहे, साकुराच्या दिवसांत तिथे मुंगीला शिरायला जागा नसते. मेअखेरीपासून तिथे काजवे दिसतात. आमच्या शेवटून दुसऱ्या रात्री, २६ मेला, आठच्या पुढे तिथे गेलो. वाटेत घरून फोन, मुंबईत मान्सून आला, रस्त्यांवर पाणी. मेमध्ये! पाऊस चुकवायला मी कॅलेंडर घेऊन तीन महिने डोकं फोडलं होतं.

पाटाकाठी आठ-दहा जपानी माणसं होती, कुजबुजत बोलणारी. टॉर्च नाही, फ्लॅश नाही. बऱ्याच वेळाने पाण्यावर एक हिरवा ठिपका हलला. मग अजून एक. एकूण पाच मोजले आम्ही.

सासूबाई कठड्याला धरून वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "एवढेच? आमच्याकडे सादड्याचं आख्खं झाड पेटतं."

मी म्हटलं, "आई, निघायचं का मग? शेवटची बस जाईल."

"थांब गं," म्हणाल्या. "सहावा दिसतोय का बघू."

बस गेली. टॅक्सीचे पैसे एक्सेलमध्ये 'इतर' मध्ये टाकलेत.