काचेमागचा पुरावा

लग्नाला 25 वर्षं झाली त्या दिवशी नवरा फुलांचा गुच्छ घेऊन घरी आला. आधीच्या 24 वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. त्यामुळे मी पहिल्यांदा विचारलं, "कुणाकडे जायचंय?" मग विचारलं, "काय केलंत?" आणि शेवटी, जरा घाबरूनच, "डॉक्टर काही म्हणाले का?" एवढी उलटतपासणी झाल्यावर गुच्छ माझ्यासाठीच आहे हे सिद्ध झालं, आणि त्याच क्षणी मला कळलं की हे उद्या कुणालाही सांगितलं तर पटणार नाही. फोटो काय, कुणीही काढतं. वस्तूच जपायला हवी. वाळवून, फ्रेम करून, भिंतीवर.

गुच्छात सात लाल गुलाब होते, दोन जरबेरा, एक पांढरी लिली, नेच्याची चार पानं आणि मधल्या भोकांत कोंबलेला जिप्सोफिलाचा पांढरा भुगा. मी तो चार दिवस फुलदाणीत ठेवला, कारण पुरावा आधी साक्षीदारांना दाखवावा लागतो. मग लेकीला फोन केला. ती वनस्पतिशास्त्र शिकलेली. "चार दिवस?" ती ओरडली. "आई, फूल उमललं की लगेच वाळत घालायचं. कोमेजायला लागलं की त्याचा रंग आधीच उतरलेला असतो." कोमेजणं म्हणजेच वाळणं, निम्मं काम फुकटात झालं, असा माझा हिशेब होता.

पहिला प्रयोग दाबून सुकवण्याचा. टीपकागदाच्या दोन घड्यांमध्ये फूल ठेवायचं, वर वजन ठेवायचं, रोज कागद बदलायचा आणि दोन-तीन आठवडे विसरून जायचं. वजनासाठी सासऱ्यांच्या वेळचे शब्दकोशाचे खंड होते. इतकी वर्षं ते काय कामाचे, असं मी म्हणत आले होते, ते शब्द गिळले आणि पहिल्या खंडात अख्खा गुलाब घातला. हो, अख्खा. गुलाब दाबायचा तर पाकळ्या सुट्या करून दाबतात, नाहीतर ब्लेडने उभा चिरून, हे मला नंतर कळलं. अख्ख्या गुलाबाच्या पोटात पाणी फार, ते बाहेर पडायला वाट नाही. पाचव्या दिवशी खंड उघडला तर आत राखाडी लव आलेला एक चपटा गोळा होता आणि टीपकागद ओलांडून डाग खाली उतरला होता. आमच्या शब्दकोशात आता 'कपट'पासून 'कबूल'पर्यंतचे सगळे शब्द तपकिरी आहेत.

तोवर टीपकागद संपला, म्हणून लिलीला वर्तमानपत्र वापरलं. लिलीची पाकळी मांसल. ती वाळताना पारदर्शक तपकिरी झाली आणि छापाची शाई तिने मनापासून उचलली. राशिभविष्याचं पान होतं. आरशासमोर धरलं की पाकळीवर 'प्रवास टाळा' एवढं स्वच्छ वाचता येत होतं.

खरी गोम मात्र 'विसरून जायचं' या दोन शब्दांत होती. सकाळी उठले की मी खंड उचलून बघणार, दुपारी नवरा बघणार, रात्री दोघं मिळून टॉर्च लावून बघणार. प्रत्येक वेळी कागद सरकला आणि पाकळीला नवी सुरकुती पडली. 1922 साली इजिप्तचा प्राचीन राजा तुतनखामेन याचं थडगं सापडलं. पुढे त्यातल्या शवपेट्या उघडल्या तेव्हा एकीवर ऑलिव्हची पानं आणि कॉर्नफ्लॉवर गुंफलेली माळ होती. तीन हजारांहून जास्त वर्षांनीही त्या फुलांत रंगाची छटा उरली होती, असं ते थडगं शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टरने नोंदवून ठेवलंय. मी हे नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "कोरडी हवा, मिट्ट काळोख आणि वर दगडी झाकण. शिवाय रोज उघडून बघायला तिथे तू नव्हतीस." टॉर्च कोणाच्या हातात होता, हे तो विसरला.

दुसरा प्रयोग उलटं टांगण्याचा. देठ वर, डोकं खाली, अंधाऱ्या आणि हवेशीर जागी. सरळ ठेवलं तर मलूल देठ फुलाच्या वजनाने वाकतो आणि तसाच वाळून बसतो. उलटं टांगलं की ताठ राहतो. काळोख मुबलक असलेली घरातली एकमेव जागा म्हणजे कपड्यांचं कपाट, म्हणून चार गुलाब हँगरला बांधून शर्टांच्या रांगेत सोडले. दुसऱ्या दिवशी नवरा झोपेतच कपाट उघडून आत शिरला आणि एक काटा त्याच्या कानाला लागला. त्या सकाळी त्याने फुलांविषयी जे उद्गार काढले, ते आमच्या शब्दकोशात नाहीत, तपकिरी पानांवरही नाहीत. तीन आठवड्यांनी तीन गुलाब बाहेर आले (चौथा झटापटीत गेला होता). देठ ताठ, आकार जसाच्या तसा, फक्त रंग काळा. लेक म्हणाली, लाल रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा, वाळताना तो गडद होत जातो, काळा दिसतो. पिवळं त्या मानाने टिकतं. मी नवऱ्याला म्हटलं, पुढच्या 25 वर्षांनी पिवळे आणा.

तिसरा प्रयोग सिलिका जेलचा. बुटांच्या खोक्यात 'खाऊ नये' असं लिहिलेली पुडी निघते ना, तेच. घरातली झाडून सगळी खोकी, पर्सा आणि औषधांच्या बाटल्या पालथ्या घातल्यावर जेमतेम वाटीभर मणी जमले. त्यात एक जरबेरा पुरला. तीन दिवसांनी निघाला तो देवी येऊन गेल्यासारखा, प्रत्येक पाकळीवर मण्यांचे खड्डे. फुलांसाठी रव्यासारखी बारीक सिलिका लागते, आणि तीही फूल पूर्ण बुडेल एवढी. मग दोन किलो विकत आणली. तिच्यात थोडे निळे दाणे असतात, ते ओल शोषली की गुलाबी होतात. तो निळा रंग कोबाल्टच्या क्षाराचा, हातमोजे घालूनच हात लाव, अशी लेकीची ताकीद. गुलाबी झालेली सिलिका मंद आचेच्या ओव्हनमध्ये तापवली की पुन्हा निळी होते. एवढं शहाणं रसायन घरात आल्यावर मला वाटलं, आता जमलंच.

घट्ट झाकणाच्या डब्यात उरलेले दोन गुलाब आणि दुसरा जरबेरा ठेवला, चमच्याने पाकळ्यांच्या मधे मधे सिलिका सोडली, डब्यावर चिठ्ठी लावली, 'उघडू नये'. चिठ्ठी वाचायला नवरा डब्याजवळ गेला. जवळ गेलाच आहे तर रंग बदलला का बघावं, म्हणून झाकण काढलं, आणि तेवढ्यात फोन आला म्हणून तसाच निघून गेला. रात्रभर त्या सिलिकाने फुलांकडे ढुंकूनही न बघता घरभरची दमट हवा पिऊन घेतली. सकाळी निळे दाणे गुलाबी, फुलं ओलसर, आणि नवरा म्हणतोय, "अगं, चिठ्ठीवर 'उघडू नये' होतं. 'बंद करावा' असं कुठे होतं?"

सिलिका तापवून पुन्हा भरली. या वेळी मी डबा आठवडाभर उशाशी घेऊन झोपले. गुलाब निघाले ते खरोखर सुंदर, लालसर, भरीव. हलक्या ब्रशने मी त्यातले दाणे झटकत होते. उरल्यासुरल्या धुळीने मला शिंक आली. अति वाळलेला गुलाब शिंकेला किती वेळ तोंड देतो? अजिबात नाही. दुसरा गुलाब वाचला होता, तो नवऱ्याने कौतुकाने उचलला. पुढचं सांगत नाही. जरबेराने हे सगळं पाहिलं असावं, कारण तो आपणहून विस्कटला.

काळे पडलेले गुलाब सोडले, तर फ्रेमसाठी उरलं काय, तर नेच्याचं एक पान आणि जिप्सोफिला. ज्याला कुणी टांगलं नाही, दाबलं नाही, डब्यात घातलं नाही, तो पांढरा भुगा कोरड्या फुलदाणीत महिनाभर उभ्या उभ्या वाळून जसाच्या तसा होता. खंड जागेवर ठेवताना तिसऱ्या खंडातून आणखी एक ऐवज पडला. लेकीने शाळेत असताना ठेवलेली बोगनवेल, कागदासारखी सपाट आणि अजूनही गुलाबी. फोनवर ती म्हणाली, "त्या पाकळ्या नाहीतच आई, ती रंगीत पानं असतात. खरं फूल म्हणजे मधली ती पांढरी नळी." असेना का. ती खंडात टिकली, कारण तो खंड इतक्या वर्षांत कुणी उघडलाच नव्हता.

फ्रेमला एक रविवार पुरेल असं वाटलं होतं. तीन गेले. काच फुलाला टेकता कामा नये, नाहीतर ओल धरून बुरशी येते, म्हणून मधे जाड पुठ्ठ्याची चौकट. मागचा कागद आम्लविरहित, नाहीतर तो पिवळा पडतो. डिंक टाचणीच्या टोकाएवढा. सगळं मांडून झालं आणि नवऱ्याने काच म्हणून आणलेली अ‍ॅक्रिलिकची पारदर्शक शीट कोरड्या फडक्याने चकचकीत पुसली. ती फुलांवर आणताच स्थिर विजेने जिप्सोफिला टुणकन उडून शीटला चिकटला. तो पुन्हा एकेक करून बसवला. मागून पट्टी मारली, खिळे ठोकले, फ्रेम सुलटी केली, आणि बरोबर मधोमध, काचेच्या आत, एक केस. पांढरा. मी केस रंगवते, त्यामुळे मालकीचा प्रश्न तिथेच मिटला. पुन्हा उघडायची ताकद दोघांतही नव्हती.

फ्रेम कुठे लावायची, यावर लेकीचा हुकूम आला, ऊन लागलं तर रंग उडेल आणि ओली भिंत नको. उरला बोळकंडीतला कोपरा, जिथे दिवा लावल्याशिवाय काही दिसत नाही. काल नवरा दिवा लावून बराच वेळ तिथे उभा होता.

"यातलं मी आणलेलं कुठलं?"

"तो पांढरा जिप्सोफिला. आणि नेच्याचं पान."

"ते? ते तर फुलवाल्याने फुकट घातलं होतं."

"मग केस," मी म्हटलं. "केस नक्की तुमचा."