मिरगीच्या लेकराला गोड गोळ्या द्या, पण रोजची गोळी बंद करू नका

कापूस वेचणीचे पैसे हातात आले की आपल्या इकडच्या कितीतरी घरांत ठरते, मिरगीच्या लेकराला आता होमिओपॅथीच्या डॉक्टरकडे न्यायचं. तिथे जाण्याला माझा विरोध नाही. चूक होते ती त्याच संध्याकाळी. गोड गोळ्यांची बाटली घरात येते आणि आजवरच्या गोळ्यांची पट्टी आलमारीच्या वरच्या खणात जाते. "दोन औषधं सोबत चालत नाहीत", "इंग्रजी औषध गरम पडते", "पोट्टं दिवसभर पेंगते". कारणं काहीही असोत, चालू गोळी एकदम तोडली जाते.

आणि मग आधी काहीच होत नाही. घात इथंच होतो.

फेनोबार्बिटोन, म्हणजे जुनी माणसं जिला गार्डिनल म्हणतात ती गोळी, अंगातून निम्मी उतरायलाच तीन-चार दिवस घेते. सोडल्यावर आठवडाभर, कधी त्याहून जास्त, तिचा अंमल थोडाथोडा शिल्लक असतो. या दिवसांत लेकरू ताजंतवानं दिसते, पेंग गेलेली असते, वही घेऊन बसते. घरचे म्हणतात, गोड गोळी लागू पडली. खरं तर जुन्याच गोळीच्या शिल्लकीवर ते चाललेलं असते. ती शिल्लक संपली की झटके येतात, आणि पुष्कळदा एकटे येत नाहीत. एक थांबत नाही तर दुसरा, मध्ये शुद्धच नाही. असा झटका पाच मिनिटांच्या वर गेला की जिवाला धोका असतो. लेव्हेटिरासेटाम या मिरगीच्या दुसऱ्या गोळीचं उलट आहे. मोठ्या माणसाच्या अंगातून ती सहा ते आठ तासांत निम्मी निघून जाते, म्हणून ती तोडली तर दोन-तीन दिवसांतही झटक्याशी गाठ पडू शकते.

यात सगळ्यात घातक वाक्य कोणतं असेल तर "आधी रोग उफाळून येतो, मग मुळापासून जातो". होमिओपॅथीत ही कल्पना जुनी आहे. खाजेच्या किंवा सर्दीच्या रुग्णाला असं सांगितलं तर तो चार दिवस जास्त खाजवेल, जास्त शिंकेल. मिरगीत हे वाक्य चालत नाही. इथे उफाळणं म्हणजे झटका, आणि झटका चुलीजवळ येऊ शकतो, विहिरीच्या काठावर येऊ शकतो, झोपेत पालथं पडून श्वास कोंडू शकतो. औषध बदलल्यावर झटके वाढले तर ती बरं होण्याची खूण नाही. त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं.

आता त्या गोड गोळीत असते काय? क्युप्रम, बुफो, सिक्युटा ही मिरगीसाठी नेहमी निवडली जाणारी नावं. बाटलीवर ३० किंवा २०० लिहिलेलं असते. ३० म्हणजे मूळ पदार्थाचा एक भाग ९९ भाग अल्कोहोलात किंवा पाण्यात मिसळायचा, हलवायचा, त्यातला एक भाग पुन्हा ९९ भागांत, असं तीसदा. बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ पदार्थाचा एक रेणूही उरण्याची शक्यता जवळपास संपते. म्हणून रोजच्या गोळीशी तिची टक्कर होण्याचं कारण नाही, दोन्ही सोबत चालतात. आणि म्हणूनच ती झटका थोपवेल असं धरून चालणं मला मान्य नाही. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली झालेल्या अभ्यासांचे आढावे तपासले आणि कोणत्याही आजारात होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा नाही, असं सांगितलं. मदर टिंक्चरची, म्हणजे मूळ अर्काची, गोष्ट वेगळी. ते पातळ केलेलं नसते, त्यात अल्कोहोलही बरंच असते. मिरगीच्या लेकराला ते विचारल्याशिवाय देऊ नका.

"पण आमच्या शेजारच्या पोराला गुण आला" असं कोणी सांगितलं तर तो खोटं बोलतो असं नाही. लहानपणच्या मिरगीचे काही प्रकार वयात येताना आपोआप थांबतात. तापातले झटके साधारण पाच-सहा वर्षांनंतर येतच नाहीत. शिवाय माणूस नवा डॉक्टर शोधतो तो झटक्यांची लाट आल्यावर. लाट ओसरायचीच असते. ओसरताना हातात जी बाटली असते, तिला श्रेय मिळते.

एक गोष्ट मात्र होमिओपॅथीच्या डॉक्टरकडून घेण्यासारखी आहे, ती म्हणजे त्यांची विचारपूस. पहिल्या भेटीत ते तासभर बसवतात: झटका रात्री येतो की पहाटे, आधी पोटातून काही वर चढल्यासारखं वाटते का, मान कोणत्या बाजूला वळते, पाळीच्या दिवसांत वाढते का, जागरण झालं होतं का. सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत एवढं विचारायला वेळ नसतो, आणि न्यूरॉलॉजिस्टला, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरला, नेमकं हेच हवं असते. म्हणून हीच उत्तरं एका वहीत लिहा. तारीख, वेळ, किती मिनिटं, कोणता हात आधी उडाला, त्या दिवशी गोळी सुटली होती का. घरातल्या कोणाला मोबाइलवर झटक्याचा व्हिडिओ काढता आला तर फार उत्तम. नागपूरच्या मेडिकलला किंवा सेवाग्रामच्या दवाखान्यात ही वही घेऊन जा. मोठेपणी पहिल्यांदा झटका आला असेल तर डोक्याचा स्कॅन टाळू नका. आपल्या देशात मेंदूतली कृमीची गाठ हे झटक्यांचं नेहमीचं कारण आहे. ती न धुतलेल्या भाजीतूनही होते, त्यामुळे शाकाहारी माणूसही सुटत नाही.

आता पोरींचं. लग्न जुळलं की गोळ्या बंद होतात, कारण सासरी पट्टी दिसेल. गोड गोळ्यांची बाटली कोणाला खटकत नाही, म्हणून ती पर्समध्ये जाते. त्यात हळदीचं जागरण, उपास, उन्हाळ्यातली लग्नं, आणि झटका नेमका मांडवात येतो. १९९९ सालीच हिंदू विवाह कायद्यातून मिरगीची अट काढून टाकली आहे. मिरगी आहे एवढ्यावरून लग्न रद्द होत नाही. हे मुलीच्या बापाला कोणीतरी बसवून सांगायला हवं. तिची गोळी व्हॅलप्रोएट असेल तर लग्नाच्या कितीतरी आधी डॉक्टरला सांगा. गर्भावर तिचा परिणाम वाईट असतो, म्हणून दुसरी गोळी हळूहळू बसवावी लागते. त्याला महिने लागतात. पत्रिका छापून झाल्यावर ते जमत नाही.

"मिरगी कायमची बरी करू" अशा भिंतीवरच्या जाहिरातींना भुलू नका. १९५४ च्या कायद्याने मिरगीच्या औषधाची अशी जाहिरात करणंच गुन्हा आहे. कागदाच्या पुडीत नाव नसलेली भुकटी कोणी दिली आणि झटके खरंच थांबले, तर त्यात फेनोबार्बिटोन कुटून घातलेलं असू शकते. किती, ते तुम्हाला कळत नाही. पुडी संपली की मघाचाच घात.

गोळी कायम घ्यायची का, हा प्रश्न रास्त आहे. निदान दोन वर्षं एकही झटका नसेल तर डॉक्टर ती कमी करायचा विचार करतात, तीही काही महिन्यांत, पायरीपायरीने. योग्य गोळी नेमाने घेतली तर शंभरातल्या सत्तरांपर्यंत लोकांचे झटके थांबू शकतात. पेंग येत असेल तर डोस किंवा वेळ बदलता येते, ते मागून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात साठा संपतो, म्हणून पट्टीत दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या की पुढची सोय लावा. आणि कोणी आधीच गोळी तोडली असेल तर आजच डॉक्टरला फोन करा. लॅमोट्रिजिन ही मिरगीची गोळी चार-पाच दिवसांहून जास्त सुटली असेल तर जुना पूर्ण डोस एकदम घेऊ नका, अंगावर गंभीर पुरळ उठू शकते.

झटका आलाच तर कांदा नको, चप्पल नको, दातात चमचा नको. कुशीवर वळवा, डोक्याखाली दुपट्टा ठेवा, घड्याळ बघा. डॉक्टरने झटका थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा दिला असेल तर वजनाप्रमाणे किती वेळा मारायचा ते बाटलीवर चिकटवून ठेवा. पाच मिनिटं झाली की १०८ लावा, आणि गाडीत बसताना दोन्ही औषधं सोबत घ्या, आलमारीतली पट्टी आणि गोड गोळ्यांची बाटलीही, म्हणजे कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला काय बंद केलं आणि कधी, ते कळेल.