जुलैच्या नोंदीवरील आक्षेपांना उत्तर: जामा, मंजिष्ठा आणि इडरिका

सप्रेम नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया बारकाईने लिहिलेली आहे, आणि तिच्यातल्या काही गोष्टी मला पूर्ण मान्य आहेत. म्हणून दोन ओळींत आभार मानून न थांबता सविस्तर लिहितो. जुलैच्या नोंदीत तीन कामे होती: 17व्या शतकातल्या दख्खनी चित्रांवरून शिवायला घेतलेला सुती जामा (घेरदार अंगरखा), त्यावर कमरेला बांधायचा मंजिष्ठेत (लाल रंग देणाऱ्या एका वेलीच्या मुळांत) रंगवलेला शेला, आणि मानसोल्लास या 12व्या शतकातल्या संस्कृत ग्रंथातल्या इडरिका (उडदाचे तळलेले गोळे) व मांडे. तुमचे आक्षेप थोडक्यात असे. कापड गिरणीचे असताना हातशिलाईचा आग्रह हा देखावा आहे. घेर खालून वरखाली लोंबतो. जाम्याचे बंद, म्हणजे बांधायच्या नाड्या, डाव्या बगलेत का? शेला लाल नाही, विटकरी आहे, आणि एका काठाला गडद पट्टा पडलाय. शिवकाळाच्या पोशाखाशेजारी 12व्या शतकातले पदार्थ, तेही मिरचीशिवाय, कशासाठी? आणि तळलेल्या उडदाच्या गोळ्यांचे इडलीशी नाते कसले?

घेरापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचे निरीक्षण अचूक आहे आणि चूक कुठे झाली हेही नेमके सांगता येते.

या जाम्याच्या घेराला 16 कळ्या, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद पट्ट्या, आहेत. तयार कळी वर 8 सेंमी, खाली 38 सेंमी. दोन्ही बाजूंना शिवणीसाठी एकेक सेंमी धरून कापायची कळी वर 10 आणि खाली 40. म्हणजे 50 सेंमी रुंद आणि 84 सेंमी लांब आयत घेऊन तो एका तिरक्या रेषेत कापला की दोन कळ्या निघतात, चिंधीसुद्धा वाया जात नाही. 100 सेंमी पन्ह्याच्या कापडात असे दोन आयत शेजारी बसतात, म्हणून 16 कळ्यांना 3 मीटर 36 सेंमी कापड लागते. वरची बेरीज 128 सेंमी होते, त्यात छातीचा घेर आणि पुढचा एकावर एक येणारा पदर दोन्ही सामावतात. खालचा घेर 6 मीटरच्या थोडा वर जातो.

अशा कळीची एक कड उभ्या धाग्यात असते आणि दुसरी उरेपात, म्हणजे धाग्याला तिरकी, म्हणून ताणली जाणारी. शिवताना उरेप कड नेहमी शेजारच्या कळीच्या सरळ कडेला जोडायची. उरेपाला उरेप जोडला तर ती शिवण कापडाच्या वजनाने खाली ताणत जाते आणि तिथेच घेर लोंबतो. एका आयतातून निघालेल्या दोन्ही कळ्यांची रुंद बाजू खाली केली की सरळ कड दोन्हींत एकाच हाताला येते, त्यामुळे ओळीने जोडत गेल्यास हा नियम आपोआप पाळला जातो. कापड सुलट-उलट सारखे दिसत असल्यामुळे मधलीच एखादी कळी पालथी पडली की घोटाळा होतो. फोटोत डावीकडून पाचव्या शिवणीपाशी तुम्हाला दिसलेला झोळ तोच आहे. ती शिवण उसवली आहे. कळ्या कापल्या कापल्या सरळ कडेला कच्च्या दोऱ्याचा एक टाका घालून ठेवला की हे टळते.

दुसरे कारण साधे आहे. 84 सेंमी लांबीवर 30 सेंमी तिरपी गेलेली कड सरळ कडेपेक्षा सुमारे 5 सेंमी जास्त भरते. हा जास्तीचा भाग चुण्या घालून शिवणीत जिरवायचा नाही. टाचण्या वरून खाली लावत यायचे आणि उरलेले खाली सोडून द्यायचे. मग जामा किमान एक दिवस खुंटीवर टांगून ठेवायचा, उरेप जेवढा उतरायचा तेवढा उतरू द्यायचा आणि त्यानंतर जमिनीपासून पट्टीने मोजून खालची कड गोल कापायची. जुलैतला फोटो कड कापण्याआधीचा होता. तसे त्याखाली लिहिलेले नव्हते, ते लिहायला हवे होते.

हातशिलाईचा मुद्दाही इथेच येतो. कापड गिरणीचा मांजरपाट आहे, हे खरे. चित्रांतल्या दरबारी लोकांच्या अंगावर पारदर्शक मलमल दिसते. मांजरपाटात तो झिरझिरीतपणा येणार नाही आणि घेरही जरा ताठ पडेल. हा नमुन्याचा जामा आहे. माप, कळ्या आणि बाह्या जमल्या की मगच हातमागाचे बारीक कापड कापायचे. पण नमुन्यातही शिलाई हाताची हवी, कारण शिवणीचा परिणाम पडीवर, म्हणजे कापड अंगावर कसे लोंबते त्यावर, होतो. मशीनचा पाय वरचा थर पुढे ढकलतो. सरळ कडेवर उरेप असेल तर त्याने उरेप ताणला जातो आणि शिवण लाटेसारखी उठते. सेंटीमीटरला 3 ते 4 टाक्यांचा धावदोरा कापडाबरोबर सैल राहतो. मग एक कड अर्धी कापून दुसरी तिच्यावरून दुमडायची आणि तुरपून टाकायची, म्हणजे आत दोरे सुटत नाहीत. दोरा सुती, मेण लावलेला, हातभर लांबीचा. त्याहून लांब घेतला तर सारखा कापडातून ओढला जाऊन पिंजतो. 15 शिवणी म्हणजे साधारण 12 मीटर. मीटरभर धावदोऱ्याला 12 मिनिटे आणि तुरपाईला 20 धरली तर घेराचे काम साडेसहा तासांत उरकते. एवढ्या वेळात पडीचे खरे उत्तर मिळत असेल तर त्याला देखावा म्हणणे मला पटत नाही.

बगलेतल्या चौबगल्याबद्दल तुम्ही विचारले नाही, पण जामा बिघडतो तो बहुतेक तिथेच. 12 सेंमीचा चौकोन कर्णावर वळवून बाही आणि अंग यांच्यामध्ये बसवायचा. तो नसेल तर हात वर केला की सगळा घेर वर उचलला जातो, आणि तलवार चालवून दाखवणाऱ्याच्या बगलेतली शिवण पहिल्याच दिवशी फाटते. चौबगल्याचे चारही कोपरे शिवणीच्या नेमक्या टोकाशी थांबवायचे. दोन टाके पुढे गेले तरी तिथे चुणी बसते आणि ती इस्त्रीने जात नाही.

बंदांचे म्हणाल तर मुघल दरबारी प्रघातात मुसलमान उजव्या बगलेत आणि हिंदू डाव्या बगलेत जामा बांधत. म्हणून इथे डावीकडे. तुम्ही दाखवलेल्या चित्रात ते उजवीकडे दिसतात, पण ती प्रत उलटी छापलेली असू शकते. चित्रावर कुठेही मजकूर असेल तर तो सरळ वाचता येतो का ते आधी पाहा. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधल्या विट्सेन संग्रहात गोवळकोंड्याची 1686च्या सुमाराची चित्रे आहेत, त्यांत शिवाजी महाराजांचेही आहे. अशा चित्रांची संग्रहालयाने स्वतः दिलेली प्रत पाहावी. फिरत फिरत आलेल्या प्रतींवरून बाजू ठरवू नये.

आता शेला. 4 मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, वजन 250 ग्रॅम. रंग विटकरी आला हे कबूल, आणि त्याचा निम्मा दोष माझ्या सूचनेचा आहे. नोंदीत ‘मंद उकळी आणावी’ असे लिहिले होते, ते चूक आहे. मंजिष्ठेला उकळी नकोच. पाणी 60 ते 65 अंशांवर राहिले पाहिजे. 75च्या वर गेले की मुळातली तपकिरी द्रव्येही उतरतात आणि लाल मळकट होतो. दुरुस्त कृती अशी.

शेला धुण्याच्या सोड्यात (10 ग्रॅम, 8 लिटर पाणी) तासभर उकळून खळ काढायची. पाण्याचा थेंब टाकताच कापडात शिरला तर खळ गेली, वर थबकला तर पुन्हा उकळा. नंतर 50 ग्रॅम हिरड्याची पूड कोमट पाण्यात कालवून, गाळून, त्यात शेला रात्रभर बुडवायचा. पिळायचा, पण धुवायचा नाही, आणि सावलीत वाळवायचा. सुतावर तुरटी आपणहून नीट बसत नाही. हिरड्यातले टॅनिन हे तुरट द्रव्य तिला धरून ठेवते, म्हणून ही पायरी गाळता येत नाही. मग 40 ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून, पाणी 6 लिटर करून पुन्हा रात्रभर. वाळवून दोन दिवस तसाच ठेवायचा आणि मग साध्या पाण्यातून काढायचा. 200 ग्रॅम मंजिष्ठा कुटून फडक्याच्या पुरचुंडीत बांधून आदल्या रात्री भिजवायची. पाणी तासाभरात हळूहळू 60 अंशांवर न्यायचे, दीड तास तिथेच राखायचे आणि शेला त्याच पाण्यात निवू द्यायचा. पाणी अगदी मऊ असेल, उदाहरणार्थ साठवलेले पावसाचे, तर चिमूटभर खडूची पूड घालावी. मंजिष्ठेचा लाल खुलायला थोडे कॅल्शियम लागते. भांडे स्टीलचे किंवा कल्हईचे घ्यावे. लोखंडाचा नुसता झारा लागला तरी हिरड्यामुळे राखाडी डाग पडतो.

काठाच्या गडद पट्ट्याचे कारण पावसाळी हवा. दमट दिवसांत कापड वरून खाली सावकाश वाळते आणि हिरडा व तुरटी पाण्याबरोबर शेवटी ओल्या राहणाऱ्या काठाकडे सरकतात. मंजिष्ठा तिथेच जास्त धरते. शेला दोरीवर लांबीने टांगू नये. आडवा पसरावा आणि पहिले दोन तास दर दहा-पंधरा मिनिटांनी वरची कड खाली फिरवावी. पडलेला पट्टा आता निघणार नाही. बांधताना तो काठ आत दुमडून घ्यावा लागेल.

एवढे सगळे केले तरी हा लाल किंचित नारिंगीच राहील. आपल्याकडच्या मंजिष्ठेत मुख्यत्वे पर्प्युरिन आणि मंजिस्टिन ही रंगद्रव्ये असतात, ॲलिझरिन हे लाल रंगद्रव्य जवळपास नसते. मच्छलीपट्टणच्या छिटांमधला (नक्षीदार सुती कापडांमधला) गर्द लाल कोरोमंडल किनाऱ्यावरच्या चाय नावाच्या (चहा नव्हे) छोट्या रोपाच्या मुळांचा आहे. दख्खनचा दुसरा लाल आलीचा, म्हणजे बारतोंडीच्या मुळांच्या सालीचा. ऑगस्टमध्ये त्याचा तुकडा रंगवतो आहे. तुम्हाला हवा तो लाल रासायनिक रंगात पाच मिनिटांत मिळेल, पण मग तो मंजिष्ठेचा शेला म्हणून दाखवता येणार नाही.

खाण्याच्या बाबतीत तुमचा गोंधळ माझ्या मांडणीमुळे झाला. हे पदार्थ जाम्याबरोबर वाढायचे नाहीत, ते वेगळे काम आहे. मानसोल्लास कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा, 1129 ते 1131 या काळातला. त्यामुळे त्या ताटात मिरची, बटाटा, टोमॅटो, शेंगदाणा, मका, काजू यांतले काहीही येऊ शकत नाही. हे सगळे अमेरिकेतून आले, पोर्तुगीज इथे पोहोचल्यानंतर. 1510 मध्ये गोवा त्यांच्या हाती गेल्यावर किनाऱ्यावर मिरची रुजायला वाव होता, म्हणून 17व्या शतकाच्या ताटात ती असू शकते, हे तुमचे म्हणणे बरोबर. सोमेश्वराच्या ताटात नाही. तिथे तिखटपणा मिरे, पिंपळी, आले आणि मोहरीचा. मिऱ्याचा वास फार शिजवला की उडतो, म्हणून ताजे भरडून शेवटी घालावे. पिंपळीचा तिखटपणा उशिरा लागतो आणि जिभेवर रेंगाळतो. ती मिऱ्याच्या निम्मीच घ्यावी.

आणि इडरिका. ती तळलेली आहे, कारण मानसोल्लासात तशीच सांगितली आहे: उडदाचे वाटण, त्याचे छोटे गोळे, तूप, वर मिरे, जिरे आणि हिंग. तांदूळ नाही, आंबवणे नाही, वाफ नाही. आजच्या इडलीचे हे तिन्ही आधार तिच्यात नाहीत. नाते नावाचे आणि उडदाचे आहे, एवढेच नोंदीत म्हटले होते. चवीला ती मेदूवड्याच्या जवळ जाते, हे तुमचे म्हणणे बरोबर.

पाव किलो पांढरी उडीद डाळ चार तासच भिजवावी. जास्त भिजली तर तूप पिते. पाणी निथळून, गार पाण्याचे शिंतोडे देत वाटावी. एकूण 75 मिलीच्या वर पाणी जाऊ नये. हाताने एकाच दिशेने फेटून थेंबभर वाटण पाण्यात टाकावे. तरंगले तर हलके झाले. लगेच तळावे, नाहीतर उन्हाळ्यात दोन-तीन तासांतही ते फुगू लागते आणि मग आंबवणे नाही हा मुद्दाच निकालात निघतो. सुपारीपेक्षा थोडे मोठे, 20 ग्रॅमचे, 25 ते 28 गोळे होतात. तूप चांगले कढवून गाळलेले हवे, बेरी राहिली तर ती जळून कडवटपणा येतो. मसाला तळल्यावर वरून भुरभुरावा. अख्खे मिरे वाटणात घातले तर तुपात फुटून उडतात.

मांड्यांबद्दल तुम्ही एकच विचारले: गव्हाचे पीठ विकत का घेतले नाही? कृतीत गहू धुऊन, उन्हात वाळवून दळायचे असे आहे, आणि त्याला कारण आहे. ओलावा लागलेला कोंडा चिवट होतो, दळताना त्याच्या मोठ्या पापड्या पडतात आणि वस्त्रगाळ केल्यावर तो वर राहतो. तयार पिठात कोंड्याची बारीक पूड झालेली असते. ती कणकेची तार तोडते आणि मांडा हातावर पसरताना फाटतो. अर्धा किलो गाळलेल्या पिठाला 330 ते 350 मिली पाणी, 5 ग्रॅम मीठ, 20 ग्रॅम तूप, आणि मळून किमान तीन तास विसावा. खान्देशात खापरावर मांडे करणाऱ्या बायका कणीक आपटून आपटून ओढतात, तितकी सैल कणीक व्हायला हवी. उपडे खापर गॅसवर मधेच तापते आणि कड कच्ची राहते, म्हणून ते लाकडाच्या जाळावर ठेवले होते. नवे खापर असेल तर आधी अर्धा तास मंद आचेवर तापवून पूर्ण निवू द्यावे. एकदम जाळ लावला की तडकते.

‘मंद उकळी’ची ओळ आज दुरुस्त केली आहे. पाचवी शिवण नव्याने घातलेल्या जाम्याचा, खालची कड कापल्यानंतरचा फोटो ऑगस्टच्या नोंदीत असेल.