शेजारी म्हणजे जाऊबाईसुद्धा

सगळ्यात मोठी आज्ञा कोणती, असं एका शास्त्र्यानं येशूला विचारलं. यहुदी परंपरेत आज्ञा मोजतात ६१३. येशूनं दोन सांगितल्या: देवावर पूर्ण मनानं प्रीती कर आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर. संडे स्कूलमध्ये हे पाठ म्हटलं म्हणून मला पेन्सिल मिळाली होती.

माझी आजी मिरजेच्या वानलेस हॉस्पिटलात नर्स होती. १८९४ सालचं हे मिशनचं हॉस्पिटल. कुठल्या कुठल्या गावच्या परक्या माणसांच्या चिघळलेल्या जखमा आजी मायेनं धुवायची. आणि सख्ख्या बहिणीशी मात्र घराच्या वाटणीवरून सतरा वर्षं अबोला. लहानपणी मला याचा राग यायचा. आता आजीची अडचण कळते. परक्यानं आपलं काही घेतलेलं नसतं.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली, तेव्हा थोरल्या जाऊबाई सांगलीहून दोन पिशव्या घेऊन आमच्या मिरजेच्या घरी आल्या. सासूबाईंच्या पाटल्यांवरून चार वर्षं आमचं बोलणं बंद होतं. नऊ दिवस मी त्यांना ताट वाढलं, अंथरूण घातलं, बीपीच्या गोळ्या आणून दिल्या. चर्चच्या मंडळीतल्या बायका म्हणाल्या, किती मोठं मन तुझं! पण रात्री भांडी घासताना माझ्या डोक्यात पाटल्याच फिरत होत्या.

ही प्रीती होती का? यावर मी फार विचार केलाय, आणि मला वाटतं, होती. माया आपोआप वाटत असती तर आज्ञा कशाला लागली असती? मन येईल तेव्हा येईल, ताट तर आत्ता वाढायचंय.

पण एक गोष्ट मला पटत नाही. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला आपल्यातलेच लोक सांगतात, ‘प्रीती सगळं सहन करते, तूही कर.’ पवित्र शास्त्र नीट उघडून बघा. ‘शेजाऱ्यावर प्रीती कर’ हे मुळात जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकातलं, १९:१८ मधलं. त्याच्या अगदी आधीचं वचन सांगतं की भावाचा मनात द्वेष धरू नको, त्याची चूक त्याला तोंडावर सांग. दोन्ही वचनं शेजारीशेजारी आहेत, आणि आपण एकच पाठ करून घेतो. मार निमूट सोसायला लावणं ही प्रीती नाही. त्या बाईला आधी घराबाहेर सुखरूप काढा.

माझ्यापुरतं सांगायचं तर पाणी ओसरल्यावर जाऊबाईंच्या घरातला गाळ काढायला गेले, तेव्हा हातात खराटा असतानाच पाटल्यांचा विषय काढला. त्या भडकल्या. नंतर वर्षभर फोन नाही. पाटल्या अजून त्यांच्याकडेच आहेत, आणि ते मला अजून लागतं.

गेल्या नाताळात त्यांनी करंज्यांचा डबा पाठवला. रिकामा डबा परत द्यायचा नसतो. शेंगदाण्याचे लाडू केलेत, त्यांना आवडतात. रविवारी उपासना झाली की सांगलीला मीच घेऊन जाणार आहे.