ससा, बीगल आणि घाटातले सेकंद

आमच्या समोरच्या घरातल्या आजोबांकडे सहा बीगल कुत्री आहेत. ओहायोत येऊन मला चौदा वर्षं झाली. त्यातली पहिली दहा मी त्या कुत्र्यांच्या नावानं बोटं मोडण्यात घालवली, कारण रात्री एकानं सूर लावला की उरलेली पाचही साथीला बसतात. मग एका नोव्हेंबरात आजोबा म्हणाले, "आवाजाचा एवढा राग येतो ना, तर तो आवाज कशासाठी असतो ते बघायला चल." पहाटे गाडीत घालून घेऊनच गेले.

कोलंबसपासून दीड तासावर एका क्लबचं कुंपण घातलेलं रान आहे. तिथं बीगलांची सशाचा माग काढायची स्पर्धा होती. गुडघाभर गवत, काट्याची झुडपं, मुद्दाम रचून ठेवलेले फांद्यांचे ढीग. ढीग सशांसाठी, ससे राहिले तर खेळ राहणार. गवतावर दव गोठलेलं होतं. माणसं हातात काठ्या घेऊन झुडपं बडवत निघाली, आणि एकदम कुणीतरी ओरडलं, "टॅलिहो!" म्हणजे ससा दिसला. ज्यानं पाहिला त्यानं जागचं हलायचं नाही. पंचांना ससा कुठून उठला आणि कुठं गेला ते दाखवायचं, मग कुत्री त्या वासावर आणून सोडायची. प्रत्येकाच्या बरगडीवर रंगानं आकडा काढलेला. आजोबांची कुत्री पाच नंबरची होती.

मला वाटलं होतं, आता पळापळ आणि शेवटी ससा तोंडात. तसं काही झालं नाही. बंदूक नव्हतीच. काही प्रकारांत कुत्रं आवाजाला बिचकतं का ते बघायला नुसता बार काढतात, तेवढाच. ससा कुत्र्यांच्या पुष्कळ पुढं असतो. इथला कॉटनटेल ससा आपल्या ओळखीच्या भागातच मोठा गोल फिरून परत येतो आणि कंटाळला की बिळात शिरतो. तो बिळात गेला की ती फेरी संपली. कुत्र्यांना बहुतेक वेळ ससा दिसतच नाही. ती नाकानं चालतात. आमच्याकडची कारवानी कुत्री डोळ्यांनी धावतात, ससा दिसला की वाऱ्यासारखी सुटतात. एकच जनावर, पण हा दुसराच खेळ. (आणि आमच्याकडं तो १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, हेही खरं.)

गुण कशाचे देतात ते मला तिथं कळलं. ससा भरधाव जाता जाता एकदम काटकोनात वळला. पुढची चार कुत्री भुंकत सरळ निघून गेली आणि वास संपल्यावर गप्प झाली. याला 'चेक' म्हणतात. दोन कुत्री लांब गोल मारून नशीब अजमावू लागली. एक त्याच जागी नाक घासत बसली. पाच नंबर मात्र जिथं वास सुटला तिथवर परत आली, जवळजवळ फिरली, शेपटी जोरात हलायला लागली, आणि मग एकच खणखणीत हाक. बाकीची धावत तिच्याकडे आली. पंचांनी वहीत काहीतरी टिपलं. आजोबा सिगरेट पेटवायची विसरले होते.

अमेरिकन केनेल क्लबच्या नियमपुस्तकात कुत्र्याच्या चुकांची यादी आहे आणि ती वाचताना मला आमच्या ऑफिसातली माणसं दिसत होती. वास नसताना भुंकणारा तो बडबड्या. वास असून गप्प राहणारा मुका. आल्या वाटेनं उलटा जाणारा. नसलेला माग असल्याचं सोंग करणारा. स्वतः न शोधता दुसऱ्याच्या मागं पळणारा. आणि दुसऱ्याला मागं टाकायचं म्हणून नुसतं धावणारा. हो, उगाच शर्यत लावणं ही इथं चूक आहे! उंचीसुद्धा मोजतात: तेरा इंचांपर्यंतची एका गटात, तेरा ते पंधरा इंचांची दुसऱ्या, त्यावरची घरी. विजेतेपदासाठी तीन पहिले क्रमांक आणि १२० गुण लागतात. चाळीस कुत्री उतरली तर पहिल्याला चाळीस, दुसऱ्याला वीस, तिसऱ्याला चाळीसचा तिसरा हिस्सा, चौथ्याला चौथा. म्हणजे दोन कुत्र्यांना हरवून विजेता म्हणवून घेता येत नाही.

हे सगळं किती शहाणपणाचं, असं वाटून मी त्याच रात्री गावी चुलतभावाला फोन लावला. आमचं गाव आंबेगाव तालुक्यातलं. दादा गाडामालक आहे. खिल्लार खोंडांवर त्यानं जेवढं कर्ज काढलंय तेवढं मी घरासाठी काढलेलं नाही. २०१४ च्या मेमध्ये सुप्रीम कोर्टानं बैलगाडा शर्यती बंद केल्या तेव्हा तो दोन दिवस जेवला नव्हता. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला, तेव्हा त्यानं घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या धावपट्टीवर, गुलाल उधळला. या नऊ वर्षांत आम्ही भाऊ एकाच प्रश्नावर भांडलो: शर्यत असावी की नसावी. वर्तमानपत्रांतही तेच. एका बाजूला परंपरा, देशी गोवंश, बैलपोळा. दुसऱ्या बाजूला क्रूरता. शर्यतीत नक्की कशाला गुण द्यायचे, हे कुणी बोललं नाही.

आणि आमच्या घाटात गुण कशाला असतात? फक्त सेकंदाला. पुढं घोडी, मागं चार बैल, बारी म्हणजे एक धाव अकरा-बारा सेकंदांत वर. ज्याचा आकडा कमी तो घाटाचा राजा. घड्याळ जे मोजतं तेच जनावरात उतरतं. बैल कसा सुटला, बिथरला की शांत होता, त्याला सोडताना किती हात लागले, यातलं काहीच घड्याळाला दिसत नाही. शेपटी पिरगाळणं, टोचणं, शॉक देणं या ज्या तक्रारी कोर्टापुढं आल्या, त्यांचं मूळ मला माणसांच्या दुष्टपणात कमी आणि त्या एका आकड्यात जास्त दिसतं.

दादा म्हणेल, कायद्यात आहे की सगळं. आहे. राज्याच्या २०१७ च्या कायद्यात पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्य बघतो. पण हा गुन्हा पोलिसांचा आहे, पंचांचा नाही. टोचलेल्या बैलाचा आकडा तोच राहतो, बक्षीसही तेच. त्या गर्दीत, भंडाऱ्याच्या धुरळ्यात, कोण कुणावर गुन्हा दाखल करणार? बीगलच्या रानात पोलीस नसतो. पण खोटं भुंकलेल्या कुत्र्याची जागा तिथल्या तिथं खाली जाते आणि मालक गप्प बसून ती पत्करतो. आमच्याकडं ती गोष्ट गुन्हा आहे, पण खेळातली चूक नाही. मला खटकतं ते हेच.

मी दादाला म्हटलं, "सुटल्यावर बैलाला हात लागला की अर्धा सेकंद वाढवा. बघ, महिन्याभरात हात बांधले जातील."

दादा हसला. "आरं, अर्धा सेकंद म्हंजी घर गेलं की माणसाचं. आन् त्यो वाढवायचा कुणी? तुझ्या त्या पंचानं? घड्याळ खोटं बोलत नाय, पंच बोलतो."

यावर माझ्याकडं लगेच उत्तर नव्हतं, कारण त्याचं म्हणणं इथल्या माणसांनीही भोगलंय. बीगलच्या परीक्षेत पंचांचा निर्णय अंतिम. पण पंच कुठून येतात? तेही कुत्रीच पाळणारे, शेजारच्या क्लबातले. दुपारी बीनच्या सूपपाशी उभं राहिलं की कुणाचं पिल्लू कुणाकडं गेलंय आणि म्हणून कोण पहिला आला, हे ऐकायला मिळतं. आपल्याकडच्या पारावर आणि इथल्या सूपाच्या पातेल्यापाशी फरक एवढाच की इथं कुजबुजतात.

आणि नुसत्या चांगल्या हेतूनंही काम बिघडतं. या खेळाचा एक जुना प्रकार जोडीचा. दोन-दोन कुत्री एकमेकांविरुद्ध, आमच्या रायगडाकडच्या बिनजोडीसारखी. त्यात पंच अचूकतेला फार मान देऊ लागले. वासाच्या रेघेवरून एक इंचही न ढळणारं कुत्रं जिंकणार. मालकांनी तशीच पिल्लं काढली. काही पिढ्यांत अशी कुत्री तयार झाली की ती सशामागं धावत नव्हती, वाकून एकेक गवताची काडी तपासत चालत होती. माणूस आरामात मागून चालायचा. ससा केव्हाच घरी पोचलेला! शिकारी लोक वैतागले, म्हणाले, आम्हाला दिवस मावळायच्या आत घरी जायचंय. त्यातून कळपानं धावायचे निराळे प्रकार निघाले. ऐंशीच्या दशकात तर निराळी संघटनाही निघाली, आणि काही ठिकाणी पंचांच्या मताऐवजी अधिक-उणे गुण मोजू लागले. आजोबा आजही त्या जोडीवाल्यांचं नाव निघालं की तोंड वाकडं करतात.

तरी हा वाद मला हवासा वाटतो. नियमानं जनावर घडतं, हे दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेलं असतं.

दादानं शेवटी नेमकं तिथंच बोट ठेवलं जिथं मी टाळत होतो. "बरं, त्या सशाला कुणी इचारलं का? त्याचं गुण कोण देतं?" कुणीच देत नाही. ससा मरत नाही, पण दिवसभर त्याच्या छातीत काय होत असेल ते बरगडीवर आकडा रंगवून कळत नाही. आणि वर्षभरात न जमलेली कुत्री कुठं जातात, हा प्रश्न मी आजोबांना विचारला तेव्हा ते म्हणाले, "चांगल्या घरी." सगळीच जात असतील असं मला वाटत नाही. इंग्लंडमध्ये ग्रेहाऊंडच्या ससाशर्यतीतही गुण सशाला वळवण्याचे होते, मारण्याचे नव्हेत. लाल आणि पांढऱ्या पट्ट्याची दोन कुत्री, घोड्यावर पंच, १८३६ पासून चाललेली वॉटर्लू कप. तरी २००४ च्या कायद्यानं ती संपली. शेवटची २००५ मध्ये झाली. त्याच कायद्यात छोट्या सशाची, रॅबिटची शिकार मात्र सुटली. सशांमध्येही जातिभेद असतो तो असा. नियम चांगले असले म्हणजे बंदी येत नाही, असं काही नाही, हे मी दादाला सांगितलं नाही.

पाच नंबर त्या दिवशी तिसरी आली. दुसऱ्या फेरीत ती एकदा विनाकारण भुंकली. आजोबांनीच मला कोपरानं ढोसून दाखवलं, "ऐकलंस? तिथं काही नव्हतं." पंच दूर होते, मला वाटलं त्यांना कळलं नसेल. त्यांनी टिपलं होतं.

गेल्या यात्रेत दादानं बारीचा व्हिडिओ पाठवला. मी तो थांबवून थांबवून पाहिला आणि बैल सुटताना किती हात त्यांच्या पाठीवर आहेत ते मोजून त्याला कळवलं. त्याचं उत्तर आलं, "हात काय मोजतो? सेकंद बघ." पाच मिनिटांनी दुसरा निरोप आला: "त्यातला एक आप्पांचा आहे, ते नुसते पाया पडत होते."