‘बोट टोचून काय होणार?’: हिपॅटायटिस सीच्या जागेवरच्या चाचणीवरील आक्षेपांना उत्तर

हिपॅटायटिस सी या रक्तातून पसरणाऱ्या, यकृत बिघडवणाऱ्या विषाणूच्या आजाराबद्दल सध्या एक मजकूर बराच फिरतो आहे. त्याचा सारांश असा: ‘वस्तीत जाऊन हिपॅटायटिस सीच्या झटपट चाचण्या करणं म्हणजे नुसता देखावा आहे. त्या चाचण्या चुकतात. पॉझिटिव्ह आलं तरी माणसाला मोठ्या प्रयोगशाळेत जावंच लागतं. सुईने नशा करणारे औषध पूर्ण करत नाहीत आणि केलं तरी पुन्हा आजार लावून घेतात. त्यापेक्षा हा पैसा मोठ्या रुग्णालयांना द्या.’ यातला एक मुद्दा अर्धा खरा आहे. बाकीच्यांचा समाचार घ्यायलाच हवा, कारण असं वाचून माणसं तपासणी टाळतात.

‘चाचण्या चुकतात.’ बोटाच्या थेंबावर होणारी पहिली चाचणी अँटीबॉडी (विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिनं) शोधते, म्हणजे या विषाणूशी कधीतरी गाठ पडली होती का, एवढंच सांगते. लागण झालेल्यांपैकी सुमारे 30 टक्के लोकांच्या शरीरातून विषाणू सहा महिन्यांत औषधाशिवाय निघून जातो, अँटीबॉडी मात्र राहतात. अशा माणसाची पट्टी पॉझिटिव्ह आली तर ती चुकली नाही. तिला जे विचारलं त्याचं बरोबर उत्तर तिने दिलं. विषाणू आत्ता आहे का, हे त्याचं जनुकीय द्रव्य शोधणारी आरएनए चाचणी सांगते.

खोट्या पॉझिटिव्हचं गणितही मांडून पाहा. समजा, एका चाचणीत बाधा नसलेल्या शंभरांपैकी एक जण चुकून पॉझिटिव्ह येतो. शंभरात एकालाच बाधा असलेल्या समाजातल्या हजार जणांना तपासलं, तर दहा खरे आणि साधारण दहा खोटे पॉझिटिव्ह निघतील. शंभरात चाळीस बाधित असलेल्या गटात तीच चाचणी केली, तर चारशेच्या आसपास खरे आणि फक्त सहा खोटे. म्हणजे जोखमीच्या गटातच या चाचणीचा निकाल सर्वांत भरवशाचा ठरतो. खोट्या निगेटिव्हची शक्यता कुठे असते तेही माहीत आहे: लागण होऊन दोन-तीन महिनेच झालेले, एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती फार खालावलेले आणि डायलिसिसवर असलेले लोक. त्यांची थेट आरएनए चाचणी करावी.

खरी चूक बहुतेक वेळा हातून होते. थंड बोट टोचलं की रक्त येत नाही, मग ते पिळलं जातं. पिळल्याने ऊतींमधलं पाणी मिसळून नमुना पातळ होतो आणि रक्तपेशीही फुटतात. म्हणून आधी हात कोमट पाण्याने धुऊन घ्यावा आणि खाली सोडून ठेवावा. मधलं किंवा अनामिका बोट घ्यावं, टोकावर न टोचता पेराच्या कडेला टोचावं. स्पिरिट पूर्ण वाळू द्यावं. पहिला थेंब पुसून टाकावा. अँटीबॉडीच्या पट्टीला काही मायक्रोलिटर रक्त पुरतं. बोटाच्या रक्तावर चालणाऱ्या आरएनए कार्ट्रिजला (यंत्रात बसवायच्या डबीला) 100 मायक्रोलिटर लागतं, आणि तिथे साखर तपासायची बारीक लॅन्सेट, म्हणजे बोट टोचायची सुई, कामाची नाही, खोल जाणारीच हवी. नळीत हवेचा बुडबुडा गेला किंवा रक्त गोठलं, की यंत्र तासाभराने निकालाऐवजी ‘एरर’ दाखवतं आणि माणूस तोवर निघून गेलेला असतो.

वाचनातही घाई नडते. किटवर लिहिलेल्या वेळेआधी पट्टी वाचायची नाही आणि मुदत उलटल्यावरही नाही. काही किटमध्ये ही खिडकी 20 ते 40 मिनिटांची असते. टीची (टेस्ट, म्हणजे निकालाची) रेघ फिकट असली तरी ती पॉझिटिव्हच धरायची. सीची (कंट्रोल, म्हणजे पट्टी नीट चालली हे दाखवणारी) रेघ उमटली नाही, तर नवी पट्टी.

‘प्रयोगशाळेत जावंच लागतं.’ हाच तो अर्धा खरा मुद्दा. नुसती अँटीबॉडी पाहून चिठ्ठी हातात देणारं शिबिर अपुरं आहे, यात शंका नाही. रोजंदारी बुडवून दुसऱ्या दिवशी दूरच्या रांगेत उभं राहायला सांगितलं की अनेक जण तिथेच गळतात. पण यावर उपाय चाचणी बंद करणं नव्हे, दुसरी चाचणी त्याच टेबलावर आणणं हा आहे. कार्ट्रिजवरची आरएनए चाचणी साधारण तासाभरात निकाल देते. मात्र चार कप्प्यांच्या यंत्रात एका वेळी चारच नमुने बसतात, म्हणून रांग त्या हिशेबाने आखावी लागते. वीज अखंड हवी, यूपीएसशिवाय यंत्र नेऊ नये. यंत्र नेणं शक्यच नसेल, तर त्याच बैठकीत रक्ताचे थेंब कागदावर वाळवून पाठवावेत. निकाल लगेच मिळत नाही, पण माणसाला दुसऱ्यांदा बोलवावं लागत नाही.

‘औषध पूर्ण करत नाहीत.’ हा समज इंटरफेरॉन या जुन्या औषधाच्या काळातला आहे. तेव्हा महिनोन्‌महिने इंजेक्शनं आणि अंगावर येणारे दुष्परिणाम होते. आता सोफोसबुविर 400 मिग्रॅ आणि वेल्पाटासविर 100 मिग्रॅ यांची एकच गोळी, रोज एकदा, 12 आठवडे. नुकतीच सुईने नशा केलेल्या 103 जणांवर हेच औषध वापरलेला एक अभ्यास 2018मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले 97 बरे झाले. गोळी सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बीची पट्टी मात्र करायलाच हवी, कारण दबलेला बी विषाणू उपचारादरम्यान उसळू शकतो. ॲमिओडॅरोन (हृदयाच्या ठोक्यांसाठीचं औषध) आणि ॲसिडिटीच्या गोळ्या चालू आहेत का, हेही विचारावं.

‘पुन्हा लागण होते.’ होऊ शकते, लसही नाही. पण बरा झालेला माणूस सुई वाटून घेतानाही इतरांना विषाणू देत नाही, जोवर त्याला पुन्हा लागण होत नाही. स्वच्छ सिरिंज आणि मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन या नशेच्या जागी द्यायच्या औषधांचा उपचार त्याच केंद्रात मिळाला, तर ही जोखीम बरीच घटते. पुन्हा तपासताना आरएनएच करा. बरं झाल्यावर केलेली अँटीबॉडी चाचणी पॉझिटिव्हच येणार, आणि तिच्यावरून ‘उपचार फसला’ असं सांगणं म्हणजे त्या माणसावर अन्याय आहे.

‘पैसा रुग्णालयांना द्या.’ जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे 5 कोटी लोकांना हा जुनाट आजार आहे, आणि 2022च्या अखेरीस त्यांपैकी जेमतेम 36 टक्क्यांचं निदान झालं होतं. उरलेले रुग्णालयात येतच नाहीत, कारण यकृत बिघडेपर्यंत सहसा काही दुखतच नाही. सिऱ्होसिसची (यकृत व्रणांनी कठीण होण्याची) शंका असलेले रुग्ण तज्ज्ञांकडेच जायला हवेत. एएसटी (यकृतातलं एक एन्झाइम) आणि प्लेटलेटच्या साध्या रक्ततपासणीवरून काढलेल्या आकड्याने ते वेगळे काढता येतात. बाकीच्यांची पहिली गोळी चाचणीच्या टेबलावरूनच सुरू करता येते.